‘सर्व्हर डाऊन’ एवढ्यावर बातमी थांबवू नका

महोदय,

तुमच्या जिल्हा पानावर ‘सर्व्हर डाऊनमुळे कामकाज ठप्प’ हा मथळा अधूनमधून असतोच. खाली रांगेचा फोटो, चार ओळींत लोकांचा संताप, आणि बातमी संपते. कुठली सेवा बंद होती, कोणाकडून बंद पडली, किती वाजता गेली आणि किती वाजता परत आली, हे मात्र कुठेच नसते. मी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये वीस वर्षे संगणक दुरुस्त करतो. एवढी माहिती वेळेवर न मिळाल्याने माणसे स्वतःचे केवढे नुकसान करून घेतात, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

मृगाचा पाऊस पडून गेला होता आणि कपाशीच्या बियाण्याला गर्दी होती. चोपड्याकडच्या एका कृषी सेवा केंद्रातून सकाळी अकराला फोन आला, “भाऊ, सर्व्हर पडी गया, तू लगेच ये.” त्यांची बिले, स्टॉक, उधारी, सगळे क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कंपनीच्या संगणकांवर असते. स्क्रीनवर एकच वाक्य येत होते : तुमचे इंटरनेट तपासा. दारात शेतकरी उभे. मालकांचा मुलगा हुशार आणि कामसू. त्याने राउटर तीनदा बंद-चालू केला. मग पासवर्ड चुकतोय असे वाटून पुन्हा पुन्हा टाकला. मग मोबाइलमधून लॉगिनचा कोड देणारे ॲप काढून पुन्हा टाकले. शेवटी संगणकातला त्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा पुसला. आदल्या संध्याकाळची ३१ बिले अजून वर चढलेली नव्हती, ती त्यात गेली.

मी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. समोरच्या दुकानात तेच सॉफ्टवेअर आहे आणि तिथे बिले निघत होती. कंपनीची सेवा केव्हाच सुरू झाली होती. आमचे खाते मात्र चुकीच्या पासवर्डमुळे कुलूपबंद, कोडचे ॲप रिकामे, आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुनिमाचा. दुकानाची कागदपत्रे पाठवून खाते उघडायला चार दिवस लागले. ऐन हंगामाचे चार दिवस ते दुकान कच्च्या पावत्यांवर चालले.

मी त्या मुलाला दोष देत नाही. स्क्रीनच त्याला सांगत होती की चूक तुझ्याकडे आहे. मोठमोठ्या ठिकाणीही हेच होते. १८ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअरची, म्हणजे असंख्य वेबसाइटच्या दारात बसून येणारी-जाणारी वाहतूक सांभाळणाऱ्या कंपनीची, सेवा कोलमडली आणि जगभरातल्या असंख्य वेबसाइट अडल्या. कित्येकांना स्क्रीनवर दिसले की अमुक पत्ता ‘अनब्लॉक’ करा. लोक आपल्याच संगणकात शोधत बसले. प्रत्यक्षात कंपनीच्या डेटाबेसमधल्या परवानगीच्या एका बदलामुळे एक फाइल दुपटीने फुगली होती, आणि ती वाचणारा प्रोग्राम कोसळत होता. खुद्द कंपनीच्या माणसांना आधी वाटले की कोणी हल्ला केला आहे. त्याआधी २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, इतर कंपन्यांना क्लाउडचे संगणक भाड्याने देणाऱ्या ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात दोन स्वयंचलित प्रोग्राम एकमेकांच्या आड आले आणि एका महत्त्वाच्या सेवेची इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या वहीतली, म्हणजे डीएनएसमधली, नोंद कोरी झाली. सुरुवात आपल्याकडच्या दुपारी सव्वाबाराच्या सुमारास. ती नोंद तीनच्या आत दुरुस्त झाली, तरी सगळे सुरळीत व्हायला मध्यरात्र उलटली. संगणक चालू, माल जागेवर, पण पत्ताच सापडेना. अशा वेळी इथला राउटर कितीही बंद-चालू करा, काय उपयोग?

खराबी आपली की त्यांची, हे ओळखणे तसे अवघड नाही. ब्रॉडबँड सोडून मोबाइलच्या नेटवर तेच उघडून बघावे. तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुसऱ्या गावच्या दुकानदाराला फोन करावा, सगळ्यात खरी बातमी तिथेच कळते. स्क्रीनवर ५०० किंवा ५०३ असा पाचने सुरू होणारा आकडा असेल, तर बहुतेक वेळा बिघाड त्यांच्याकडे असतो आणि आपण कशालाही हात लावू नये. ४०१ किंवा ४०३ असेल, तर सेवा चालू आहे, आपली ओळख किंवा परवानगी अडली आहे. आणि एक गोष्ट आमच्या धंद्यात रोज दिसते : जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा बटन सेल संपलेला असतो, लाइट गेली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग ब्राउझर बँकेचे किंवा जीएसटीचे पान उघडूच देत नाही. गिऱ्हाईक म्हणते सर्व्हर डाऊन. सेल बदलला, तारीख नीट केली की काम होते.

कंपन्यांकडे माझी एक मागणी आहे. पैसे आमच्याकडून दरवर्षी आगाऊ घेता, तर सेवा बंद पडताच ‘बिघाड आमच्याकडे आहे, पासवर्ड बदलू नका, ॲप काढू नका’ एवढे मराठीत पाठवा. तेही बंद पडलेल्या यंत्रणेवरून नको, साध्या एसएमएसने. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची साठवणूक सेवा बंद पडली, तेव्हा बिघाडाची माहिती देणारे त्यांचे पानही त्याच सेवेवर टेकलेले होते. त्यामुळे बराच वेळ तिथे सगळे ठीक असल्याच्या हिरव्या खुणा दिसत राहिल्या.

आणि तुम्हाला विनंती. पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ची बातमी लावाल तेव्हा सेवेचे नाव, आपल्या घड्याळातली वेळ आणि बिघाड कोणाकडे होता, हे विचारून छापा. वेबसाइटवर तर त्याच दिवशी टाका. तांत्रिक भाग मराठीत उलगडून सांगायला कोणी हवे असेल, तर मला रात्री उशिरासुद्धा फोन करा, नंबर पत्रासोबत वेगळा दिला आहे. अशी बातमी आली की त्याचे कात्रण दुकानाच्या काचेवर लावीन. चोपड्याच्या त्या केंद्रालाही एक पाठवीन.

आपला,
एक संगणक दुरुस्ती करणारा, जळगाव