सहा लिटर नायट्रोजन

डॉक्टर,

आपण डॉक्टर नाही हे तुम्हीच दरवेळी सांगता, पण गाई-म्हशी भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतन करायला, येणाऱ्याला गावात सगळे डॉक्टरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. नाव घालू नका म्हणालात, ते मात्र ऐकलं.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलेलं, पुण्याकडनं काही येईना. अख्ख्या कोल्हापूरला दुधाची नि पेट्रोलची भ्रांत, आणि मला लिक्विड नायट्रोजनची! कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. आमच्या प्रयोगशाळेतला गॅमा किरण मोजणारा जर्मेनियम डिटेक्टर उणे १९६ अंशांच्या त्या नायट्रोजनवर थंड ठेवावा लागतो आणि रोज दीडएक लिटर नुसतं उडून जातं. मिठावरच्या मोजणीचे चार दिवस बाकी, टाकी तळाला लागलेली, पुरवठादार फोन उचलत नव्हता. आमच्या बाजूला लाईट होती, एवढंच नशीब. शेवटी दूध संस्थेतल्या मावसभावानं तुमचा नंबर दिला: तुमच्या वीर्याच्या कांड्याही त्याच नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या असतात.

तुम्ही कंटेनरचं झाकण काढलंत, लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवलीत, वर काढून हवेत हलवलीत आणि तिच्यावर पांढरं हिव कुठवर धरलंय ते बोटानं मोजलंत. "न्या सा लिटर. माझ्या कांड्या बुडाल्या म्हंजे झालं." पुढची गाडी कधी येणार, हे तुम्हालाही माहीत नव्हतं. पैसे काढले तर माझ्यावरच डाफरलात. आणि ती पट्टीही माझ्या हातात दिलीत, कारण आम्ही टाकी हलवून अंदाज घेतो हे ऐकून तुम्हाला हसू आवरेना.

निघताना विचारलंत, "मिठात बघताय तरी काय?" मी घाईत काहीतरी तुटक बोललो. उत्तर आज देतो.

किलोभर खडेमीठ न्यूट्रॉनच्या स्रोताजवळ ठेवायचं, मधे पॅराफिनचं मेण. मेणातल्या हायड्रोजनवर आपटून आपटून न्यूट्रॉन मंदावतात. मंद म्हणजे तरी सेकंदाला २,२०० मीटर! मिठातलं क्लोरीन-३५ त्यांना सोडियमच्या ऐंशीएक पट आवडीनं गिळतं आणि क्लोरीन-३६ होतं. पण त्या नव्या केंद्रकाकडे सुमारे ८,५८० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप) ऊर्जा जादा झालेली असते. ती टाकत ते खाली येतं, जोतिबाच्या पायऱ्या उतरावं तसं: कधी थांबत थांबत, क्वचित एकाच उडीत. प्रत्येक उडीला एक गॅमा किरण. केंद्रकाच्या आत कुणाला डोकावता येत नाही, पण उड्या मोजल्या की पायऱ्या कुठं कुठं आहेत ते कळतं. १,९५१ केईव्हीच्या पायरीवरून एक वाट थेट तळाला जाते. दुसरी ७८६ ची उडी घेऊन १,१६५ वर थांबते, मग तळाला. ७८६ आणि १,१६५ ची बेरीज करून बघा.

घोटाळा असा, की ७८८ ची एक वेगळीच पायरी आहे, तिथून उडी सरळ तळाला. ७८६ आणि ७८८, फरक फक्त दोन केईव्हीचा. आमच्या जुन्या सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरात दोन्हींचा मिळून एकच गुबगुबीत उंचवटा दिसतो, आणि कुठली उडी कुठून कुठं हे सांगताच येत नाही. थंड जर्मेनियमच तेवढं बारीक बघतो. तो गरम झाला असता तर व्होल्टेज बंद करून पूर्ण तापू द्यायचा, पुन्हा थंड करायचा, आणि मोजणी पहिल्यापासून.

चौथ्या दिवशी पहाटे स्क्रीनवर दोन शेंडे दिसले, मधे छोटीशी खाच. सात-आठ हजार केईव्हीच्या मोठ्या उड्या आमच्या लहान डिटेक्टरात जेमतेम उमटल्या. त्या मोठ्या रिॲक्टरवर मोजणाऱ्यांनी केव्हाच पक्क्या केल्यात, आमचं काही अडलं नाही. ती खाच मात्र तुमच्या सहा लिटरांची. मी एकट्यानंच खुर्चीतून उठून टाळी वाजवली, वॉचमन बघायला आला.

कॅन परत दिला, पट्टी राहिली. ती टाकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे आणि आता सगळी पोरं तीच वापरतात, त्यामुळं परत मिळेल अशी आशा ठेवू नका. रविवारी ग्राफ घेऊन येतो, नवी पट्टीही आणतो.

तुमचा,
मीठवाला