रविवारी खड्ड्यात उतरलेल्या तुम्हां सर्वांना

प्रिय ताईंनो, दादांनो आणि गाडीवरच्या काकांनो,

प्रभूच्या नावात सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळीत उपासना संपण्याआधी उपकारस्तुतीसाठी थोडा वेळ राखलेला असतो. कोणी उठून मुलगा बारावी पास झाला म्हणून देवाचे आभार मानतं, कोणी आईचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून. मी उठले ती तुमच्याबद्दल, जखमी-अडकलेली जनावरं वाचवणाऱ्या तुम्हां लोकांबद्दल बोलायला. पण ते ऐकायला तुम्ही तिथं नव्हता. ज्याचे आभार त्याच्यापर्यंत पोचायला हवेत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

झालं ते तुम्हांला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. चर्चमागच्या बोळात टेम्पो शिरत नाही. पेठेतला एखादा जुना वाडा पाडायला घेतला की तिथला राडारोडा अजूनही गाढवांच्या पाठीवरूनच मोठ्या रस्त्यापर्यंत येतो. बोळात पाइपलाइनसाठी खणलेला खड्डा उघडाच होता. ना कठडा, ना दिवा. त्या रविवारी सकाळी एक गाढवीण त्यात पडली, पाठीवर विटांच्या तुकड्यांची गोणी तशीच बांधलेली. आम्ही उपासनेसाठी जमत होतो. आवाज ऐकून धावलो तेव्हा ती खालच्या चिखलात पुढचे पाय दुमडून बसली होती. आमच्यातल्या काहींनी तोवर दोर आणलाही होता. गळ्याला बांधून वर ओढायचं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. भाव चांगलाच होता, पण तसं झालं असतं तर ती तिथंच गेली असती.

फोनवर तुमच्यातल्या एका मुलीचा आवाज आला. "दोर लावू नका. गर्दी मागं घ्या. डोळ्यांवर कापड टाका म्हणजे ती घाबरणार नाही. आम्ही निघालोय." इतक्या शांतपणे बोलली ती, की बोळातली माणसंसुद्धा शांत झाली.

तुम्ही आलात आणि पहिलं काम केलंत ते ओझं उतरवण्याचं. तुमच्यातला एक जण खड्ड्यात उतरला, तिच्या मानेला हात लावून नुसता थांबला, आणि मग गोणीची दोरी कापली. बघणाऱ्यांना घाई झाली होती, तुम्हांला नव्हती. वर ओढण्याऐवजी तुम्ही खड्ड्याची एक बाजू फोडून उतार करायला घेतलात. फावडी आमच्याकडची, हात आमच्या तरुण संघाच्या मुलांचे, पण कुठे किती खणायचं ते तुम्ही सांगत होता. पाळकसाहेबांनी झगा काढून ठेवला आणि घमेलं उचललं. पोटाखालून आणि छातीखालून रुंद पट्टे गेले, दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली, आणि ती स्वतःच्या पायांनी वर आली. तिला ओढून काढलं नाही, तिला चालत येऊ दिलं. या एका गोष्टीसाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

मग डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्या-गाढवांना धनुर्वात फार लवकर होतो आणि मातीत झालेली जखम साधी समजायची नसते, हे आम्हांला तेव्हा कळलं. गाढव दुखणं दाखवत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. फार वेदना होत असल्या तरी ते निमूट उभं राहतं, आणि आपण समजतो, बरं आहे त्याचं. गोणपाट उचलल्यावर पाठीवरचे जुने, चिघळलेले व्रण दिसले तेव्हा बोळात कोणाच्या तोंडून शब्द निघेना.

शब्द निघाले ते नंतर, मालकावर. तो बिचारा भिंतीला टेकून उभा होता. आमच्यातलेच काही त्याच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. तेव्हा तुमच्यातल्या ताई त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. आधी त्याला चहा दिला, मग विचारलं, "दादा, खेपेला किती मिळतात?" खेपेवर पैसे, म्हणून ओझं वाढतं, हे त्यानं सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. मग कायदा सांगितला, पण धमकी म्हणून नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ सालचे नियम आहेत. गाढवावर ५० किलोच्या वर ओझं घालायचं नाही, दिवसात एकूण ९ तासांच्या वर राबवायचं नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ कामाला लावायचं नाही. इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं असताना पुण्यात किती जणांना ते माहीत आहे? पाठीवर घालायला जाड गादीसारखी घडी, व्रणाला लावायचं मलम आणि पुन्हा तपासायला येण्याचा शब्द, एवढं देऊन तुम्ही निघालात.

मी संडेस्कूलमध्ये शिकवते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात लिहिलं आहे की तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर त्याला टाकून जाऊ नको, मालकाला हात दे आणि त्याच्याबरोबर ते सोडव. आजवर हा भाग मी मुलांना वैऱ्यावर प्रेम करण्याचा धडा म्हणून शिकवत आले आहे, आणि तो तसा आहेच. पण त्या सकाळी मला त्यातलं गाढव दिसलं, आणि मालकाबरोबर मिळून सोडवण्याची आज्ञाही दिसली. जनावराला सोडवायचं आणि माणसाला भिंतीशी एकटं उभं ठेवायचं, असं तिथं म्हटलेलंच नाही. त्याच अध्यायात थोडं पुढे सातव्या दिवसाच्या विश्रांतीचं कारण दिलं आहे : तुझ्या बैलाला आणि तुझ्या गाढवाला विसावा मिळावा. हा विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ, आम्ही आमच्यासाठी राखतो. गाढवाचं नाव त्यात घातलेलं आहे, हे आमच्या व्यासपीठावरून फार क्वचित ऐकू येतं. मला वाटतं ते वारंवार ऐकू आलं पाहिजे.

प्रभू येशूनं तर शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडलेल्या मेंढराबद्दल सरळ विचारलं होतं, तुमच्यात असा कोण आहे जो त्याला धरून वर काढणार नाही? ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येक जण काढणारच, हे त्यानं गृहीत धरलं होतं. आमच्या दारातल्या खड्ड्याशी त्याचं उत्तर तुम्ही दिलंत. तुमच्यापैकी कोणी ख्रिस्ती आहे का, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही.

आता ज्यांना कोणी पाहत नाही त्यांच्याबद्दल. वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा प्रभू येशूनं सांगितलेला दाखला आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्यात शोमरोनी जखमा बांधतो, तेल आणि द्राक्षारस ओततो, इथवर सगळ्यांच्या लक्षात असतं. पुढे तो त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, म्हणजे या दयेचा भार एका मुक्या जिवानंही उचललेला आहे. मग उतारशाळा येते. तिथला माणूस रात्रीबेरात्री आलेल्या अनोळखी जखमीला ठेवून घेतो. दोन दिनार दिले जातात, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असा शब्द दिला जातो. त्या उतारशाळेवाल्याचं नाव कोणाला माहीत नाही. प्राणी वाचवण्याच्या कामात मला अशीच माणसं जागोजागी दिसली. पायाला रॉड घातलेलं कुत्रं महिनोन्‌महिने आपल्या वन बीएचकेच्या बाल्कनीत सांभाळणारी मुलगी. मेडिकलवाले काका, ज्यांच्या वहीत तुमची उधारी पानभर असते आणि तरी सलाईनची बाटली ते नाही म्हणत नाहीत. जुन्या चादरी उकळून, वाळवून, चौकोनी कापून पाठवणाऱ्या आजी. अळ्या पडलेल्या जखमेचा वास सहन करत मांडीवर डोकं धरून बसणारे. पॅरेंट्स मीटिंग सोडून फोन घेणारे. पिल्लांना घर मिळावं म्हणून अनोळखी लोकांशी तासन्‌तास गोडीनं बोलणारे. पकडलेलं कुत्रं नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर जिथून नेलं तिथंच परत सोडलं, म्हणून सोसायटीच्या शिव्या खाणारे. ते परत तिथंच सोडायचं असतं, नियमच तसा आहे, आणि त्यामागे कारणही आहे. जागा रिकामी झाली की दुसरी, लस न झालेली कुत्री तिथं येतात. एवढं समजावताना तुमचा घसा बसतो, हे मी ऐकलं आहे.

उधारीवरून आठवलं. लंडनमध्ये १८२४ साली प्राण्यांवरची क्रूरता थांबवण्यासाठी एक संस्था निघाली. ती पुढे राणी व्हिक्टोरियाच्या मान्यतेनं 'रॉयल' झाली. तिच्या उभारणीत पुढाकार होता आर्थर ब्रूम या अँग्लिकन पाळकाचा. आपल्याकडे सोपवलेली चर्चची मंडळी सोडून त्यानं या कामाला वाहून घेतलं, आणि संस्थेचं कर्ज झालं म्हणून तो तुरुंगात गेला. त्याच्या सुटकेसाठी पैसे उभे करणाऱ्यांत एक होते आयर्लंडचे खासदार रिचर्ड मार्टिन आणि दुसरे लुईस गोम्पर्ट्झ, जे यहुदी होते. पुढे संस्थेचं कामही गोम्पर्ट्झनीच सांभाळलं. आम्हां ख्रिस्ती लोकांना ब्रूमचा अभिमान वाटावा हे खरं, पण ते कर्ज फेडणाऱ्यांची आठवण मला जास्त मोलाची वाटते. ती माणसं नसती तर पहिल्या काही वर्षांतच ते काम थांबलं असतं.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिले आहेत. ते मानायला मला जड जातंय. संक्रांतीच्या दिवसांत आमच्या आवारातल्या झाडावर नायलॉनच्या मांजात एक घार लटकली होती. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिडी लावून तिला उतरवलं, तुम्ही ती घेऊन गेलात. पंखाचं हाड मांजानं पार कापलं होतं. ती वाचली नाही. तुम्ही ते फोन करून कळवलंत. कळवायची काही सक्ती नव्हती. आमच्या संडेस्कूलची मुलं विचारत होती, म्हणून तुम्ही त्या मुलांशीही बोललात आणि खोटं काही सांगितलं नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू विचारतो, पाच चिमण्या दोन नाण्यांना विकतात ना? मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन असा भाव आहे. म्हणजे दोन नाण्यांना चारच यायला हव्यात, पाचवी वर घातलेली, बिनमोलाची. आणि तो म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. वाचणार नाही हे दिसत असतानाही तुम्ही ज्यांना उचललंत, ज्यांच्या शेजारी जागलात, ज्यांना मातीत नीट ठेवलंत, ती सगळी मला पाचव्या चिमणीच्या जागी दिसतात. लोक म्हणतात, एवढा खर्च करून उपयोग काय झाला? मी तुम्हांला सांगते, ती सेवा वाया गेलेली नाही. हा माझा विश्वास आहे, आणि तो मी चर्चमध्येही उभी राहून सांगितला आहे.

त्या गाढविणीची खबर देते. मालकाचा मुलगा आता दुपारी तिला आमच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बांधतो, पाण्याचं टब तिथंच ठेवलं आहे. व्रण भरत आले आहेत. खड्ड्याभोवती आम्ही स्वतःच बांबू बांधले, आणि ज्यांचं काम होतं त्यांना लेखी कळवलं आहे.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीनं या वर्षी हंगामाच्या सणाच्या अर्पणातला एक वाटा मेडिकलवाल्या काकांच्या वहीसाठी ठरवला आहे. ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण आणि जागतिक प्राणी दिन एकत्र येतात. त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये रेबीजच्या लसीचं शिबिर घ्यायचं आमच्या मनात आहे. टेबलं, खुर्च्या, पाणी, चहा आमच्याकडे. तुमचे डॉक्टर कधी मोकळे असतील ते कळवा. तरुण संघातल्या ज्या मुलांनी त्या दिवशी फावडी धरली, त्यांना जनावर हाताळायला शिकायचं आहे. त्याआधी त्यांनीही लस घ्यायला हवी असं तुम्ही म्हणाला होता. कुठे घ्यायची तेवढं सांगा.

आणि महिला मंडळानं जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या आहेत, लहान-मोठ्या, पिंजऱ्यात बसतील अशा. धुऊन, घड्या घालून हॉलच्या कपाटात ठेवल्या आहेत. काकांची गाडी या बाजूला आली की घेऊन जा. किल्ली माझ्याकडे असते, सकाळी दहापर्यंत मी घरीच आहे.

आपली कृतज्ञ,
चर्चमागच्या बोळातली संडेस्कूलची बाई
पुणे