साक्षगंधाच्या आधी

चि. माई,

परवा फोनवर माझा आवाज चढला, ते चुकलंच. "आधी जुळू तर द्या, मग बघू," असं तू म्हणालीस आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही. पत्रात तो विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण साक्षगंधाच्या आधी त्या मुलाचं रक्त सिकलसेलसाठी तपासलं गेलं पाहिजे.

तुझा रिपोर्ट 'एएस' आहे, म्हणजे एक जनुक निरोगी (ए), एक सिकलसेलचं (एस). तू आजारी नाहीस, वाहक आहेस. अकराव्या गुणसूत्रांच्या जोडीत एकावरचं बीटा ग्लोबिनचं जनुक नीट आहे, दुसऱ्यावर एकच अक्षर बदललंय: जीएजीच्या जागी जीटीजी. केंद्रकात या जनुकाची आरएनए-प्रत निघते, ती रायबोसोमवर जाते आणि तिथे तीन-तीन अक्षरं वाचत एकेक अमिनो आम्ल जोडलं जातं. १४६ आम्लांच्या या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बाकी १४५ जागच्या जागी! पण व्हॅलिनला पाणी नको असतं. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटतं, त्याच्या लांब कांड्या होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. १२० दिवस जगणारी पेशी १०-२० दिवसांत फुटते. तुझ्या पेशींत निरोगी हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त आहे, म्हणून तू दिवसभर बांधीत धानाचा रोवणा करू शकतेस. मोठ्या मामाला ते कधी जमलं नाही. थंडीत आजी रात्रभर त्याचे गुडघे शेकत बसायची.

तोही एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात लेकरू एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलसेलची असलेलं, आजारी होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका घटत नाही. हे तू बी.एस्सी.ला शिकलीस, तरी मी शिकवायलाच बसलो. माफ कर.

पण एक ऐकच. "शिबिरात निगेटिव्ह आलं" एवढ्यावर थांबू नकोस. ती बहुतेक सोल्युबिलिटी चाचणी असते, द्रावण गढूळ झालं की पॉझिटिव्ह. तिच्यात बीटा थॅलेसेमियाचा (बीटा ग्लोबिन कमी बनण्याचा दोष) वाहक सापडत नाही, आणि एस तुझ्याकडून, थॅलेसेमिया त्याच्याकडून आला तरी लेकराला सिकलसेलचाच आजार होतो. एचपीएलसीच हवी, रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी. त्यातला एचबीए२ हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर तो थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येतो. मागच्या तीन महिन्यांत त्याला रक्त चढवलं असेल तर थांबून तपासा.

तो एएस निघाला तर लग्न मोड, असं मी म्हणणार नाही. दिवस राहिल्यावर १० ते १२ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी होते. पण त्यासाठी दोघांचं आधी माहीत हवं.

ते लोक नाही म्हणतील ही तुझी भीती मलाही आहे. तरी तू रिपोर्ट घरी आणून टेबलावर ठेवलास, लपवला नाहीस. त्या दिवशी मी काही बोललो नाही, पण छाती भरून आली होती. आईला फोन कर, हे आपल्याकडूनच आलं असं म्हणत ती जेवत नाही.

रोवणा शनिवारी आटोपेल. तू हो म्हण, मी स्वतः त्याच्या वडिलांना भेटतो.

तुझे बाबा

ता. क. त्याच्या रिपोर्टचा फोटो पाठवशील तेव्हा एचबीए२ची ओळ नीट दिसू दे.