लोणच्याच्या कारखान्याचा इतिहास कोठून सुरू करावा

मडगाव, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. गोव्यातील फळे डबाबंद करणाऱ्या आणि लोणची घालणाऱ्या एखाद्या जुन्या कंपनीचा इतिहास लिहिण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. परंतु पहिले प्रकरण संस्थापकाच्या घराण्याचे, दुसरे यंत्रांचे आणि तिसरे प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांचे, ही मांडणी मात्र पटली नाही. पदके सगळ्यांनाच मिळतात. नोकरीची सारी वर्षे अशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढल्यामुळे असेल, पण मला वाटते की हा इतिहास पावसाळ्यापासून सुरू व्हायला हवा.

मृग लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, भाजी महाग होते, आणि म्हणून मे महिन्यातच गोवेकर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तजवीज करतो. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, जी फेरी (जत्रा) भरते तिच्यात आजही सुक्या मिरच्या, खारे मासे, सोलां (आमसुले) आणि चिंच घेण्यासाठी झुंबड उडते. आपल्या घरांत खारातल्या कैऱ्या, फणसाचे खारवलेले गरे आणि आंब्याची साठे होत. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे इसवणाचे (सुरमईचे) मोल, सुक्या माशांचा पारा आणि कोळंबीचे बालचांव ही मासळीची लोणची बरण्यांत भरली जात. तिखट-आंबट कैरीचे मिसकूट दोन्ही घरांत. कारखान्याने यातील एकही पदार्थ शोधून काढलेला नाही, हे तुझ्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर यावे, अशी माझी सूचना आहे.

दुसरी गोष्ट शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची. गिरगावात १९१० साली दुकान थाटलेल्या बेडेकरांचे लोणचे ज्या तेलाच्या आणि मोहरीच्या परंपरेत वाढले, ती आपल्या ख्रिस्ती स्वयंपाकघराची परंपरा नव्हे. तेथे राखणदार आहे तो माडाच्या सुरेचा, म्हणजे माडाच्या गोड रसाचा, शिरका. रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, कमरेला कोयती आणि पाठीशी भोपळ्याचे दुदिणे बांधून माडावर चढतो, पोय (माडाचा फुलोरा) तासतो आणि सूर उतरवतो. ती सूर आंबली की आधी मद्य होते, आणि हवेतल्या जिवाणूंनी आपले काम केले की शिरका होतो. बालचांवाचा मसाला याच शिरक्यात वाटतात, पाण्याचा थेंबही लागू देत नाहीत. आजींचा हा दंडक आणि आमच्या प्रयोगशाळेतील नियम एकच होता, फरक इतकाच की आम्ही तो मोजत असू: शिरक्यातल्या लोणच्यात अॅसेटिक आम्ल किमान २ टक्के असले पाहिजे, आणि आंबवून केलेल्या शिरक्यात ते निदान ३.७५ टक्के. पावसाळ्यात उतरलेली सूर पातळ येते आणि तिचा शिरका अनेकदा या आकड्याच्या खाली राहतो. त्यामुळे त्या दिवसांत आलेला प्रत्येक कॅन तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही, असा आमचा शिरस्ता होता. आता माडावर चढणारेच फारसे उरले नाहीत. स्वस्त कृत्रिम शिरका सर्रास वापरला जातो, आणि त्यामुळे चवीत पडलेला फरक कोणत्याही मसाल्याने भरून निघत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता डब्याविषयी. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने बंद बाटल्यांत अन्न उकळून टिकवण्याची रीत १८१० मध्ये प्रसिद्ध केली, आणि लवकरच इंग्लंडमध्ये बाटलीच्या जागी कथिलाचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबा आला. पोर्तुगालमध्ये व्हिला रेआल द सांतु आंतोनियु येथे १८५३ मध्ये रामिरेझ यांचा मासळी डबाबंद करण्याचा उद्योग सुरू झाला. पुढे सार्डिनच्या डब्यांसाठी तो देश जगभर ओळखला गेला. गोव्याच्या दुकानांतून पोर्तुगीज सार्डिनचे डबे पिढ्यान्‌पिढ्या विकले गेले, तेव्हा पत्र्याचा डबा ही वस्तू येथे मुळीच अपरिचित नव्हती. येथला माणूस मुंबईला, पूर्व आफ्रिकेला आणि बोटींवर नोकरीसाठी जात होता, आणि १८८८ पर्यंत मुरगाव बंदर कॅसलरॉकमार्गे ब्रिटिश हद्दीतील रेल्वेला जोडले गेले होते. तारवट्याच्या (बोटीवरच्या खलाशाच्या) ट्रंकेतील बरणी फुटे, गळे, वास मारी. डबा गळत नाही. मडगावच्या कोस्टासारख्या नावाची मांगाड (आटवलेला आंब्याचा जॅम) आणि लोणची परदेशी गेलेला गोवेकर आजही आठवणीने मागवतो, यामागे चवीइतकीच ही वाहतुकीची सोय आहे.

तुझ्या आराखड्यात जे अजिबात नाही ते आता सांगतो, कारण माझ्या मते कंपनीचा खरा इतिहास तेथेच आहे. आंब्याचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. मुसराद जातीच्या आंब्याची मांगाड आणि इतर आंब्यांचा रस एप्रिल-मे मध्ये दिवसरात्र चाले, आणि मग तीच यंत्रे, तेच कामगार वर्षभर काय करणार? रस आम्लयुक्त असल्याने उकळत्या पाण्यात डबा शिजवला तरी पुरते; जेथे आम्लता कमी असते, पीएच ४.६ च्या वर जातो, तेथे, म्हणजे मांस-मासळीच्या डब्यांना, दाबाखाली १२१ अंशांची उष्णता द्यावी लागते, आणि त्यासाठी लागणारे महागडे भांडे लहान कारखान्याला परवडत नाही. अशा वेळी तारतात ती मिठाची पिंपे. हंगामात कैऱ्या चिरून खारात दाबून ठेवायच्या आणि सवडीने, मागणीप्रमाणे, बारा महिने लोणचे भरायचे. नावलौकिक डब्याने मिळवला, कामगारांचा पगार पिंपांनी दिला. फळे डबाबंद करणे आणि लोणची घालणे एकाच छपराखाली का नांदते, याचे उत्तर मालकाच्या आवडीनिवडीत नाही, या हिशोबात आहे.

मांगाडीची भट्टी बघण्यासारखी असते. रस आणि साखर आटत आली की फोडणीसारखे जाड बुडबुडे उडू लागतात, ढवळणाऱ्या बाईच्या हाताला कापड गुंडाळलेले असते, आणि मी साखरेचे प्रमाण दाखवणाऱ्या अपवर्तनमापकाच्या काचेवर थेंब ठेवून ६८ चा आकडा येण्याची वाट पाहत असे. ती बाई मात्र ताटलीत थेंब टाकून, ताटली तिरकी करून, माझ्याआधीच "जाली" म्हणून मोकळी होई. गार झालेल्या डब्यांवर काठीने टकटक करीत एक जुना कामगार रांगेतून फिरे. ज्या डब्याचा आवाज बद्द येई तो बाजूला जाई, आणि शिवण उघडून पाहिली की बहुधा त्याचेच म्हणणे खरे ठरे. अशी माणसे कागदपत्रांत सापडत नाहीत, म्हणून ती हयात आहेत तोवर त्यांना भेट.

राजकारणाचा भाग थोडक्यात उरकलास तरी चालेल, पण तो वगळू नकोस. १९५० च्या दशकात भारताने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून आणि चहा सिलोनहून येऊ लागला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि साखर, मिरची, गिऱ्हाईक, सारे घाटापलीकडून मिळू लागले. स्पर्धाही त्याच वाटेने आली. १९५५ चा फळ उत्पादन आदेश येथेही लागू झाला, परवाना क्रमांक छापणे आले, आणि घरगुती अंदाजावर चाललेल्या कित्येक पाककृती प्रथमच वजनात लिहिल्या गेल्या. हे माझ्या मते फार चांगले झाले. अलीकडे खोलाच्या मिरचीला २०१९ मध्ये आणि मानकुराद आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा लाभ लोणचे घालणाऱ्यांपर्यंत कितपत पोचतो, हे तू स्वतः बाजारात विचारून लिही.

येणार असशील तर एप्रिलच्या अखेरीस ये, कारण पाऊस पडून गेल्यावर आंबा पाणचट होतो आणि भट्ट्यांजवळ पाहण्यासारखे काही राहत नाही. उतरायला आमच्याकडेच ये, आणि आराखडा बदललास तर नवी प्रकरणे आधी पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित मित्र