मंत्रीमहोदय, माझी फाईल सध्या कोणत्या टेबलावर आहे?

मा. शिक्षणमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या एका प्रशालेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. हे पत्र कुणा एका व्यक्तीला नाही. खुर्चीत आज कोण आहे आणि दिवाळीपर्यंत कोण असेल, याच्याशी मला घेणं नाही. पत्र खुर्चीला आहे.

परवा, 11 ऑगस्टला, मला कार्यालयाचं पत्र मिळालं. 'आपला परदेश प्रवास परवानगीचा प्रस्ताव त्रुटीपूर्ततेसाठी परत पाठविण्यात येत आहे.' मी अर्ज केला होता 12 फेब्रुवारीला. ज्या वर्गासाठी केला होता तो 6 जुलैला सुरू होऊन 24 जुलैला संपलासुद्धा. म्हणजे आता मी त्रुटी पूर्ण करून, झालेल्या वर्गाला जाण्याची परवानगी मागायची आहे.

वर्ग कसला, तेही सांगते. परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी इंग्लंडमधलं एक विद्यापीठ तीन आठवड्यांचा साहित्याचा वर्ग घेतं. सकाळी कविता-नाटकांवर चर्चा, दुपारी ग्रंथालय, एका संध्याकाळी शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला नाटक. प्रत्येकाने आपल्या मुलखात हे साहित्य कसं शिकवलं जातं यावर एक निबंध वाचायचा. माझी अर्धी फी माफ झाली होती. शासनाकडून मी एक रुपया मागितला नव्हता. मागितली होती फक्त रजा, तीही अर्धवेतनी.

मे महिन्यात का जात नाही, असं एका साहेबांनी विचारलं. साहेब, आपली उन्हाळी सुट्टी मेमध्ये असते आणि त्यांचा उन्हाळा जुलैमध्ये. इंग्लंडचं हवामान बदलणं माझ्या अखत्यारीत नाही, तुमच्या असेल तर तसं परिपत्रक काढा.

आता त्रुटी ऐका.

पहिली : विद्यापीठाचं निमंत्रणपत्र इंग्रजीत असल्याने त्याचा मराठी अनुवाद करून राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून जोडावा. इंग्रजीच्या शिक्षिकेने इंग्रजी पत्राचा अर्थ बरोबर सांगितला की नाही, हे आता कुणी दुसरंच ठरवणार. दुसरी : शासनावर खर्चाचा भार पडणार नाही असं 500 रुपयांच्या बॉण्डवर हमीपत्र. ते मी मार्चमध्येच दिलंय, पोच आहे माझ्याकडे. तिसरी माझी सगळ्यात आवडती : सदर कालावधीतील पर्यायी शिक्षकाची व्यवस्था नमूद करावी. आमच्याकडे गणिताची जागा चार वर्षं रिकामी आहे. तिची पर्यायी व्यवस्था मीच आहे. माझी पर्यायी व्यवस्था मी कुठून आणू?

ही फाईल माझ्या हिशोबाने 11 टेबलांवरून फिरली. माझा सहकारी म्हणतो 14, तो आवक-जावकवाल्याशी बोलून आलाय. शाळेतून गटशिक्षण कार्यालय, तिथून शिक्षण विभाग, मग सामान्य प्रशासन, परत शिक्षण विभाग. मी सात खेपा घातल्या. पाच वेळा साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, बसले होते. एकदा भेटले, फाईल उघडली आणि म्हणाले, 'मॅडम, लिटरेचर कशाला? स्पोकन इंग्लिशचा काही असेल तर बघा ना.' सातव्या खेपेला मी जिन्यावर बसून डबा खाल्ला आणि, खोटं कशाला सांगू, थोडी रडलेसुद्धा.

पतसंस्थेतून दोन लाख उचलले होते. विमानाचं तिकीट रद्द केल्यावर हाती आले ते पैसे लिहायलाही लाज वाटते. व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. व्हिसा मिळाला! परक्या सरकारने हो म्हटलं, तेही सहा महिन्यांच्या मुदतीसाठी. अडले ते माझ्याच जिल्ह्यात. हप्ता मात्र जुलैपासून पगारातून न चुकता कापला जातोय. त्या टेबलावर कधी त्रुटी निघत नाही.

साहित्य कशाला, त्याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. आता देते. मार्चमध्ये नववीला वाचनाच्या तासाला मी शेक्सपिअरचं एक सुनीत सांगत होते. त्यात कवी आपल्या प्रिय व्यक्तीला विचारतो, तुला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देऊ का? शेवटच्या बाकावरचा पोरगा उठला. 'मॅडम, तसं म्हणलं तर बाई भांडंल की.' वर्ग हसला. बाहेर पत्रे तापले होते, टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती. मी समजावलं, तिकडचा उन्हाळा मऊ असतो, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, लोक त्याची वाट बघतात. तर पोरगा म्हणाला, 'तुम्ही बघितलाय का?'

एकवीस वर्षं शिकवतेय मी. नाही बघितला.

निबंधाचा विषयही ठरला होता : आगरकरांचं 'विकारविलसित', देवलांचा 'झुंझारराव', शिरवाडकरांचा 'नटसम्राट'. शेक्सपिअरचे हॅम्लेट, ऑथेल्लो आणि लिअर आपल्याकडे येऊन कसे मराठी बोलू लागले, ते सांगणार होते. 1882 मध्ये आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते आणि तिथे त्यांनी हॅम्लेटच्या भाषांतराचं काम केलं. इंग्रजांच्या तुरुंगात सवड मिळाली, स्वराज्यात तीन आठवड्यांची रजा मिळत नाही. (हे वाक्य झोंबलं तर झोंबू द्या.)

2000 सालच्या जूनपासून आपण पहिलीपासून इंग्रजी आणलं. चांगलं केलं. शिकवणार कोण, त्याला काय येतं, त्याला कुठे पाठवावं, हे कुणी विचारलं? आम्हाला प्रशिक्षण म्हणजे तालुक्याच्या हॉलमध्ये स्लाइड, चहा आणि सेल्फी. 2020 मध्ये परितेवाडीच्या डिसले गुरुजींना शिक्षकांसाठीचा जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी हार घातले, आणि पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायची वेळ आली तेव्हा त्यांच्याही रजेवरून काय घोळ झाला ते महाराष्ट्राने वाचलंय. त्यांच्यासाठी निदान वरून सूत्रं हलली. माझ्यासारखीच्या अर्जाकडे कोण बघतो?

शिक्षणहक्क कायद्याचं कलम 27 सांगतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. मी खिचडीची चव घेऊन नोंदवहीत लिहिते, आधार जुळवते, रोज कुठल्या तरी लिंकवर माहिती भरते. तेव्हा 'वर्गाचं नुकसान होईल' असा शेरा कुणी मारत नाही. आणि अभ्यासदौऱ्याच्या नावाखाली साहेबलोक परदेशी जातात तेव्हा त्यांची पर्यायी व्यवस्था कोण असतं? किती कोटी जातात त्यावर, ते 10 रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारणार आहे. उत्तर येईल तेव्हा मी निवृत्त झालेली असेन.

गेल्या वर्षी शिक्षकदिनी आमच्या जिल्ह्यात व्यासपीठावरून सांगितलं गेलं होतं, 'शिकायला जाणाऱ्या शिक्षकाची फाईल अडणार नाही.' टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. तिसऱ्या रांगेत, हातात नारळ.

मागणी एवढीच : स्वखर्चाने शिकायला जाणाऱ्या शिक्षकाच्या अर्जावर 30 दिवसांत हो किंवा नाही कळवा. नाही म्हटलंत तरी चालेल, पण वेळेत म्हणा, तिकीट काढायच्या आधी.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका

ता.क. : विद्यापीठाचा ईमेल आलाय. पुढच्या जुलैला जागा राखून ठेवू का, 31 ऑक्टोबरपर्यंत कळवा म्हणतात. या वर्षी का आला नाहीत, असंही विचारलंय. गेले दोन दिवस 'त्रुटीपूर्तता'ला इंग्रजी शब्द शोधतेय, त्यांना कळेल असा एकही सापडला नाही.