टाकी आज आणा, मासे महिन्यानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरातला फिशटँक सजवण्याविषयी लेख आला होता. त्यात दगड, शोभेची झाडं, दिवे असं सगळं होतं. पण ज्यावाचून मासे जगत नाहीत तेच नेमकं राहून गेलं. नवी टाकी पाण्यानं भरली म्हणजे ती माशांसाठी तयार झाली, असं होत नाही. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

माझी सगळी नोकरी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली आणि घरात टाकी कायमच आहे. त्यामुळे आळीत कुणाचा मासा मेला की मला बोलावणं येतं. "घरावरचं संकट माशानं अंगावर घेतलं हो," हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मग त्याच टाकीत नवा मासा येतो आणि तोही जातो. संकट वगैरे काही नसतं, तो अमोनिया असतो.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही तो तयार होतो. नदीत तो विरून जातो, दोन फुटी टाकीत साठतो. काही जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच, त्यानं रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि कल्ले तपकिरी पडतात. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी असतं आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. शेतात युरिया टाकल्यावर मातीत हेच घडतं, शेतकऱ्यांना ते नवीन नाही. पण हे जीवाणू फार सावकाश वाढतात, आणि राहतात ते मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खडीवर. "पाणी एक दिवस ठेवा, मग मासे सोडा," असं दुकानात सांगतात, त्यानं फार तर क्लोरीन उडून जातो.

आपल्याकडे विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असतं, तिथे धोका आणखी वाढतो. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप. तो ७ असताना एकूण अमोनियातला शंभरातला एक भागही जहाल रूपात नसतो. पीएच ८ झाला की सुमारे पाच भाग असतात.

पहिल्याच आठवड्यात पाणी दुधाळ होतं, तेव्हा लोक घाबरतात. सगळं पाणी ओततात, खडी नळाखाली चोळून धुतात, स्पंज पिळून उन्हात टाकतात. जे थोडे जीवाणू बसायला लागलेले असतात, तेही त्यात जातात. तो दुधाळपणा वेगळ्याच जीवाणूंचा असतो आणि आपोआप निवळतो. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खळबळावा.

करायचं एवढंच: क्लोरीन गेलेलं पाणी भरा, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा आणि मासे नसलेल्या या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, म्हणजे ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळतो. ओळखीतल्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं. थेंबांचं टेस्ट किट जरूर घ्या. माझ्या किटमध्ये नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे. आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढतं. दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसू लागलं, की निम्म्याहून जास्त पाणी बदलून दोन-तीनच मासे सोडा. बाकीचे पुढे हळूहळू आणा.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नका. गिऱ्हाईक नाराज होईल, मूल रडेलही. तरी टाकी आज द्या आणि मासे महिन्यानंतर न्यायला सांगा. सोबत आपल्या टाकीतला वापरता स्पंज दिलात तर फारच उत्तम.

आणि ज्यांनी मासे आधीच सोडले आहेत, त्यांनी रोज चौथा हिस्सा पाणी बदलावं, क्लोरीन काढूनच, आणि खाणं एक दिवसाआड, चिमटीपेक्षाही कमी द्यावं. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत असतील तर लगेच निम्मं पाणी बदलावं, सकाळची वाट पाहू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा