फ्लेक्सवरची खाकी : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

काल आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवा फ्लेक्स लागला. खाकी वर्दी, काळा गॉगल, खाली ‘भावी नगरसेवक’. ज्या साहेबांविरुद्ध माझा अर्ज आपल्या खात्यात धूळ खातोय, तेच हे. महिन्याभरात चौकशी पूर्ण करतो, असं वरिष्ठांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. चौकशी राहिली, साहेबांची स्वेच्छानिवृत्ती मात्र झटपट मंजूर झाली. अभिनंदन!

माझा मुलगा हॉटेलांची पार्सलं पोहोचवतो. नाकाबंदीत लायसन्स दाखवलं, नाव वाचलं गेलं, पत्ता मुंब्रा निघाला. झालं! रात्रभर आत. गुन्हा कसला, तर कसलाच नाही. सकाळी सोडला तेव्हा डाव्या कानाचा पडदा फाटलेला. आता मागून हाक मारली तर वळत नाही. दुचाकीवर मागचा हॉर्न कळत नाही म्हणून कामही सुटलं. त्याची आई रात्री दाराशी बसून राहते. माझी रिक्षा वकिलाच्या फीपायी गहाण पडली. १९९३ च्या दंगलीनंतर मुंबईतलं बिऱ्हाड मोडून आम्ही इथे आलो, का, तर इथे जीव सुरक्षित राहील म्हणून. मूळचे दापोलीचे, शिक्षण झेडपीच्या मराठी शाळेत. कोणाला सांगायचं हे?

सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये बजावलंय, प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण किमान वर्षभर जपायला हवं. मला उत्तर मिळालं, ‘हार्ड डिस्क भरली होती.’ आमच्या चिकनवाल्याचा कॅमेरा बरा चालतो.

पारसिकच्या डोंगरापलीकडे याच साहेबांना हार घालतात. ‘कडक माणूस, मुंब्रावाल्यांना वठणीवर आणलं!’ माझ्या पोराचा कान हे त्यांचं प्रचारसाहित्य.

हे काही पहिले नव्हेत. ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकाचे प्रमुख राहिलेले प्रदीप शर्मा २०१९ मध्ये राजीनामा देऊन नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभे राहिले, पडले. २००६ मध्ये लखनभैया नावाच्या माणसाला मारलं गेलं, त्या बनावट चकमकीत हायकोर्टाने त्यांना जन्मठेप दिली ती २०२४ मध्ये. ते सुप्रीम कोर्टात गेलेत, तो निकाल कोर्ट देईल. पण तिकीट देणाऱ्या पक्षाला थांबावंसं वाटलं नाही, आणि मी मात्र अठरा वर्षं थांबायचं?

निवृत्त आयपीएसला खासगी कंपनीत नोकरी धरायची तर वर्षभर सरकारची परवानगी लागते. निवडणूक लढवायला काही लागत नाही! २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा विषय कायदेमंडळावर सोडला. कायदेमंडळात बसता तुम्हीच, आणि तिकिटं वाटताही तुम्हीच. २००६ मध्ये कोर्टाने जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण मागितलं होतं. आपण २०१४ च्या कायद्यात ते जिल्ह्यावरून उचलून विभागावर, म्हणजे अनेक जिल्ह्यांना मिळून एक, असं नेऊन ठेवलं. गरिबाने लांब चकरा माराव्यात, दमून गप्प बसावं. सगळेच पक्ष यात सामील, आधीचेही आणि आत्ताचेही.

निवृत्तीनंतरही विभागीय चौकशी चालवता येते, पेन्शन रोखता येते. पेन्शनचे नियम आपलेच आहेत. चौकशी करा, आणि निकाल मला लेखी कळवा. वर्दी उतरवल्यावर काही वर्षं तरी निवडणूक नको, असा कायदा आणा.

तेवढा वेळ नसेल तर निदान फ्लेक्स उतरवा. विनापरवाना आहे, आणि त्यामागे आमच्या रिक्षा स्टँडची पाटी झाकली गेलीय.

आपला,
मुंब्र्याचा एक रिक्षावाला